गुडघा-सांधेरोपणानंतरचे वेदनाशमन : मज्जातंतू-रोध आणि रुग्णाचे पुनर्वसन

प्रस्तावना :

झिजलेला गुडघा काढून त्या जागी धातू व प्लॅस्टिकचा कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आज महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात येण्यास मदत झाली. तरीही अनेक ज्येष्ठ नागरिक, विशेषतः स्त्रिया, वर्षानुवर्षे गुडघ्याचे दुखणे अंगावर काढताना दिसतात. यामागे खर्चाइतकीच शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांची धास्ती असते. ही धास्ती निराधार नाही. गुडघ्याचे सांधेरोपण ही अस्थिशल्यातील अधिक वेदनादायी शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते आणि वेदना सर्वाधिक असते नेमक्या त्याच दिवसांत रुग्णाने उठून चालावे, गुडघा वाकवावा अशी अपेक्षा असते.

या पेचावर आधुनिक भूलशास्त्राने शोधलेला एक मार्ग म्हणजे मज्जातंतू-रोध होय. रुग्णालयात तो 'नर्व्ह ब्लॉक' या नावाने ओळखला जातो. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील शरीरशास्त्रीय तत्त्व, तिचा विकास, मर्यादा आणि रुग्णाच्या पुनर्वसनाशी असलेला तिचा संबंध यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) मज्जातंतू-रोधाचे कार्य सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२) गुडघ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख रोधांची तुलना करणे.
३) वेदनाशमन आणि पुनर्वसन यांचा परस्परसंबंध तपासणे.
४) रुग्ण व कुटुंबीयांच्या मनातील गैरसमजांचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

शरीराचा एखादाच भाग बधिर करण्याच्या शास्त्राचा आरंभ १८८४ मध्ये झाला असे मानले जाते. त्या वर्षी व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा उपयोग करून दाखविला. त्यानंतर लवकरच अमेरिकेत विल्यम हालस्टेड यांनी कोकेन थेट मज्जातंतूजवळ टोचून त्या तंतूच्या अखत्यारीतील भाग बधिर होतो हे सिद्ध केले. या प्रयोगांची किंमत त्यांना स्वतःला व्यसनाच्या रूपाने मोजावी लागली. पुढे कोकेनची जागा व्यसन न लावणाऱ्या औषधांनी घेतली. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये लिडोकेन, पुढे ब्युपिव्हाकेन आणि १९९० च्या दशकात रोपिव्हाकेन उपलब्ध झाले. १९९४ मध्ये व्हिएन्ना येथेच सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईचा मार्ग प्रत्यक्ष पाहून रोध देण्याचे काम प्रसिद्ध झाले. तोपर्यंत अंदाजाने वा विजेच्या सौम्य उत्तेजनाने शोधला जाणारा मज्जातंतू आता पडद्यावर दिसू लागला.

मज्जातंतू-रोधाचे कार्य :

वेदनेचा संदेश मज्जातंतूतून विद्युत-रासायनिक लहरीच्या रूपाने मेंदूकडे जातो. तंतूच्या आवरणातील सूक्ष्म मार्गांतून सोडियमचे कण आत शिरतात आणि ही लहर पुढे सरकते. स्थानिक भुलीचे औषध आवरण ओलांडून तंतूच्या आत जाते व हे सोडियमचे मार्ग आतील बाजूने बंद करते. लहर तेथेच थांबते. गुडघ्यातील जखम तशीच असते, परंतु तिची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही. औषध रक्तावाटे हळूहळू निघून गेले की मार्ग पुन्हा खुले होतात व तंतू पूर्ववत काम करू लागतो. ब्युपिव्हाकेन वा रोपिव्हाकेनच्या एका मात्रेचा परिणाम साधारणतः १२ ते २४ तास टिकतो.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. शस्त्रक्रिया बहुधा पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीखाली होते आणि तिचा अंमल काही तासांत ओसरतो. मज्जातंतू-रोध मुख्यतः त्यानंतरच्या काळासाठी असतो. म्हणजेच शस्त्रक्रियेची भूल आणि शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन या दोन स्वतंत्र योजना आहेत.

गुडघ्याची मज्जातंतू-रचना व रोधाचे प्रकार :

गुडघ्याच्या पुढील भागाची संवेदना प्रामुख्याने फिमोरल मज्जातंतूच्या शाखांकडून, तर मागील भागाची संवेदना सायटिक व ऑब्च्युरेटर मज्जातंतूंच्या शाखांकडून वाहून नेली जाते. त्यामुळे एकाच रोधाने संपूर्ण गुडघा वेदनामुक्त होत नाही.

दीर्घकाळ जांघेत दिला जाणारा फिमोरल रोध प्रमाण मानला जात होता. कोक्रेन संस्थेने २०१४ मध्ये ४५ चाचण्या व २,७१० रुग्णांच्या माहितीचा आढावा घेतला. केवळ अफूजन्य औषधांवर अवलंबून राहण्यापेक्षा फिमोरल रोधाने वेदना अधिक कमी होते व मळमळही कमी होते, असे त्यातून दिसून आले. मात्र हाच मज्जातंतू मांडीच्या पुढील स्नायूलाही चालना देतो. गुडघा सरळ ठेवून शरीराचा भार पेलणे हे या स्नायूचे काम. तो शिथिल झाला की रुग्णाला वेदना जाणवत नाही, पण पाऊल टाकताच गुडघा अचानक दुमडतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सतत रोध दिलेल्या ८५ रुग्णांपैकी ६ जण पडल्याची नोंद आहे. केवळ क्षारद्रव दिलेल्या ८६ रुग्णांपैकी कोणीही पडले नव्हते. याउलट अमेरिकेतील १,९०,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींचा २०१४ मधील अभ्यास सांगतो की, रुग्णालयात पडण्याशी रोधाचा संबंध आढळला नाही. तेव्हा पडण्याचा धोका केवळ रोधावर नव्हे, तर रोधाचा प्रकार, देखरेख व रुग्णाला दिलेल्या सूचना यांवरही अवलंबून असावा असे म्हणता येईल.

यातून अॅडक्टर कॅनॉल रोध पुढे आला. मांडीच्या मध्यभागी, आतील बाजूस स्नायूंमध्ये एक बोगदा असतो. अठराव्या शतकातील स्कॉटिश शल्यविशारद जॉन हंटर यांच्या नावानेही तो ओळखला जातो. येथवर येईपर्यंत फिमोरल मज्जातंतूच्या स्नायूंकडे जाणाऱ्या बहुतेक शाखा वेगळ्या झालेल्या असतात व प्रामुख्याने संवेदनावाहक शाखा उरतात. त्यामुळे येथे दिलेले औषध वेदना शमविते, पण मांडीचे बळ बऱ्याच अंशी राखते. गेल्या दशकातील अनेक चाचण्यांनी या निरीक्षणास दुजोरा दिला आहे. तरीही औषधाची मात्रा अधिक झाल्यास ते वर पसरून काही प्रमाणात दुर्बलता आणू शकते.

गुडघ्याच्या मागील वेदनेचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. त्यासाठी सायटिक रोध दिल्यास पाऊल लुळे पडते. शिवाय शस्त्रक्रियेत मज्जातंतूला इजा झाली असल्यास ती झाकली जाते. म्हणून गुडघ्यामागील रक्तवाहिनी व सांध्याचे आवरण यांच्यामधील जागेत औषध देण्याची 'आयपॅक' पद्धती अलीकडे वापरली जाते. याखेरीज शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या वेळीच सांध्याभोवतीच्या ऊतींत औषध टोचतात. सिडनी येथील केर व कोहान यांनी २००८ मध्ये या पद्धतीचे वर्णन केले. 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत पॅरासिटामॉल, दाहशामक औषधे व डेक्सामेथासोन यांच्या जोडीला अॅडक्टर कॅनॉल रोध व सांध्याभोवतीचे इंजेक्शन सुचविले असून अफूजन्य औषधे केवळ गरजेपुरती ठेवावीत असे म्हटले आहे.

वेदनाशमन आणि पुनर्वसन :

पुनर्वसनाच्या दृष्टीने वेदनेचे दोन प्रकार मानावे लागतात : स्वस्थ पडून असतानाची वेदना आणि हालचालीची वेदना. रुग्णाला 'दुखते का?' असे विचारल्यास तो पडल्या पडल्या 'फारसे नाही' असे सांगतो. आपल्याकडे सोसणे हा गुण समजला जात असल्याने हे उत्तर अधिकच फसवे ठरते. गुडघा वाकविताना, पलंगावरून उतरताना किती दुखते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

शस्त्रक्रियेनंतर सूज व सांध्यातील क्षोभ यांमुळे मांडीचा पुढील स्नायू आपोआप मंदावतो आणि पहिल्या महिन्यात त्याची शक्ती निम्म्याहून अधिक घटू शकते. त्यामुळे त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी आधाराने उभे राहणे, गुडघा पूर्ण सरळ करणे व टप्प्याटप्प्याने वाकविणे हे व्यायाम आवश्यक असतात. लवकर चालल्याने पायातील शिरांत रक्त गोठण्याचा धोकाही कमी होतो. वेदनेच्या भयाने रुग्ण गुडघ्याखाली उशी ठेवून पडून राहिला, तर सांधा अर्धवट वाकलेल्या स्थितीत आखडतो. मज्जातंतू-रोधाचे खरे मूल्य या काही तासांत आहे. रोध रुग्णाला बरे करीत नाही, बरे होण्यासाठी जे करायचे ते करण्याची संधी देतो.

या संधीची मर्यादाही ओळखली पाहिजे. रोध ओसरताच वेदना एकाएकी उसळते आणि ही वेळ अनेकदा मध्यरात्रीची असते. रोधाच्या काळात दुखत नाही म्हणून गोळ्या टाळणाऱ्या रुग्णाला याचा विशेष त्रास होतो. यासाठी रोध उतरण्यापूर्वीच ठरलेली वेदनाशामके सुरू ठेवणे हितावह ठरते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास दाहशामक औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य आहे. तसेच रोधाचा लाभ मुख्यतः पहिल्या काही दिवसांचा असतो, काही महिन्यांनंतरच्या कार्यक्षमतेत त्यामुळे मोठा फरक पडल्याचे दिसत नाही. २०१२ मधील एका आढाव्यानुसार गुडघा-सांधेरोपणानंतर सुमारे १० ते ३४ टक्के रुग्णांना दीर्घकालीन वेदना राहते. तिचे उत्तर केवळ रोधात शोधता येणार नाही.

धोके व गैरसमज :

'नसेत इंजेक्शन दिले की पाय कायमचा जातो' हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः औषध मज्जातंतूत नव्हे, तर त्याच्या सभोवती सोडले जाते. मज्जातंतूला दीर्घकाळ इजा होण्याचे प्रमाण दहा हजारांमागे दोन ते चार इतके अल्प आहे. औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास ओठांना बधिरता, कानांत आवाज, झटके व हृदयाच्या गतीत बिघाड असे गंभीर परिणाम संभवतात. गाय वाइनबर्ग यांच्या १९९८ पासूनच्या संशोधनामुळे यावर स्निग्धद्रव शिरेतून देण्याचा उपाय उपलब्ध झाला आहे. म्हणूनच रोध प्रशिक्षित भूलतज्ज्ञाकडून व आपत्कालीन साधने हाताशी असतानाच दिला जावा.

निष्कर्ष :

१) मज्जातंतू-रोध वेदनेचा संदेश तात्पुरता थांबवितो, मज्जातंतूचे कार्य नंतर पूर्ववत होते.
२) केवळ वेदना शून्य करणारा नव्हे, तर स्नायूंचे बळ राखून वेदना कमी करणारा रोध पुनर्वसनास उपयुक्त ठरतो.
३) पायात बधिरता असेपर्यंत रुग्णाने एकट्याने उठू नये, ही सूचना कुटुंबीयांना रुग्णाच्या भाषेत, शस्त्रक्रियेपूर्वीच दिली पाहिजे.
४) रोध ओसरण्याची वेळ, त्यानंतरच्या गोळ्या व व्यायाम यांचे लेखी वेळापत्रक मराठीतून देणे हा अत्यल्प खर्चाचा, पण परिणामकारक उपाय होय.

सारांश, शस्त्रक्रियेचे यश क्ष-किरण चित्रात सांधा कसा बसला यावरून जितके ठरते, तितकेच रुग्ण स्वतःच्या पायांनी देवघरापर्यंत, अंगणापर्यंत, बाजारापर्यंत केव्हा जाऊ लागतो यावरूनही ठरते. भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भौतिकोपचारतज्ज्ञ, परिचारिका व कुटुंब यांनी वेदनाशमनाकडे या एकाच ध्येयाचे साधन म्हणून पाहिल्यास वेदनेच्या भयाने घरात अडकलेल्या अनेक ज्येष्ठांना उपचाराचा निर्णय घेणे सुकर होईल.