कम्युनियनच्या रांगेतला निवाडा

२० मे २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्वातोरे कॉर्डिलिओनी यांनी जाहीर केले की, गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या, अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांना आपल्या धर्मप्रांतात कम्युनियन मिळणार नाही. २९ जूनला रोममध्ये, सेंट पीटर्स बॅसिलिकात, पोप फ्रान्सिस हजर असलेल्या मिस्सात पलोसींनी ते घेतले. पलोसींचे मत तेच, चर्चही तेच. बदलली ती फक्त धर्मप्रांताची हद्द. कम्युनियनमध्ये मिळणाऱ्या ओस्तीत साक्षात ख्रिस्त असतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तो कोणाला द्यायचा हे हद्दीवर ठरू लागले, तर लोक त्यात धर्मापेक्षा राजकारणच बघणार.

चर्चने राजकारण्यांना अडवणे म्हणजे लोकशाहीवर घाला, हा आक्षेप मात्र पोकळ आहे. कम्युनियन हा काही नागरी हक्क नव्हे. ते कोणाला द्यावे हे चर्चनेच ठरवायचे. १९८३च्या धर्मसंहितेतले ९१५वे कलम सांगते की, उघड आणि गंभीर पापाला हट्टाने चिकटून राहणाऱ्याला ते देऊ नये. गर्भपात हे गंभीर पाप, याबद्दल चर्चमध्ये दुमत नाही. पोप फ्रान्सिस तर त्याला हत्याच म्हणत. घोडे अडते ते ‘हट्टाने’ या शब्दापाशी. पुढे पोप झालेल्या कार्डिनल रॅट्झिंगर यांनी २००४मध्ये अमेरिकी बिशपांना पाठवलेले टिपण कडक होते, पण त्यातही क्रम होता: आधी भेट, मग शिकवण, मग ताकीद, नकार सर्वांत शेवटी. कॉर्डिलिओनींनी निदान तो क्रम पाळल्याचे सांगितले. पण ऑक्टोबर २०१९मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्स गावी प्रचाराला आलेले जो बायडेन रविवारच्या मिस्साला गेले, तेव्हा तिथल्या फादरांनी त्यांना रांगेतच परत पाठवले. समोर माणूस उभा, मागे रांग खोळंबलेली. हट्ट पारखायची ही जागा नव्हे.

यावर १९६२चा दाखला दिला जातो, आणि तो वजनदार आहे. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी वंशभेदाच्या तीन कडव्या समर्थकांना बहिष्कृत केले, तेव्हा आज कॉर्डिलिओनींवर तुटून पडणाऱ्या उदारमतवाद्यांच्याच गोटात टाळ्या पडल्या होत्या. फरक इतकाच की, ते तिघे चर्चच्या स्वतःच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांना घेण्याला विरोध करत होते आणि त्यांना आधी लेखी ताकीद मिळाली होती. सगळ्या धर्मांच्या नागरिकांसाठी असलेल्या कायद्यावर मत देणे ही निराळी गोष्ट. १९७८मध्ये इटलीत गर्भपाताचा कायदा झाला, त्यावर पंतप्रधान म्हणून ज्युलिओ आंद्रेओत्तींची सही आहे. तरी रोज मिस्साला जाणारा नेता हीच त्यांची ख्याती राहिली.

मग शिकवणीला अर्थ काय उरला, असे विचारणारे बिशपही चुकत नाहीत. पण शिकवण जपायची तर माप एकच हवे. मृत्युदंड अस्वीकार्य आहे, असे २०१८पासून चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातच लिहिले आहे. गर्भपात आणि मृत्युदंड यांचे वजन सारखे नाही, असे रॅट्झिंगर म्हणत, पण ते या बदलाच्या चौदा वर्षे आधी. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट कॅथलिक आहेत आणि त्यांच्या कारकिर्दीत तिथे डझनावारी कैद्यांना मृत्युदंड दिला गेला आहे. त्यांच्या बाबतीत ९१५व्या कलमाची आठवण क्वचितच कोणाला होते.