एक्सेलमध्ये फलंदाजीची सरासरी

क्रिकेट लीगचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवताना फलंदाजाच्या सरासरीसाठी थेट ‘अ‍ॅव्हरेज’ सूत्र लावू नका. ते धावांना डावांनी भागते. क्रिकेटमध्ये मात्र फलंदाज जितक्या वेळा बाद झाला, त्या संख्येने भागायचे असते. डॉन ब्रॅडमन यांनी कसोटीत ८० डावांत ६,९९६ धावा केल्या, त्यांत ते १० वेळा नाबाद होते. ८० ने भागले तर ८७.४५ येतात, ७० ने भागले तर जगप्रसिद्ध ९९.९४.

म्हणून एका रकान्यात धावा आणि शेजारी ‘बाद’ किंवा ‘नाबाद’ लिहा. धावांची बेरीज ‘सम’ने करा, ‘बाद’ किती वेळा आले ते ‘काउंटइफ’ने मोजा आणि बेरजेला त्या संख्येने भागा. खेळाडू एकदाही बाद झाला नसेल, तर शून्याने भागल्याची चूक दिसते. तिथे ‘इफएरर’ वापरून नुसती रेघ दाखवा. नाबाद राहणाऱ्याला त्याचे श्रेय मिळालेच पाहिजे.