दिवसाची लाईट

महाराष्ट्रात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप विजेवर चालतात आणि महावितरण विकत असलेल्या विजेतला जवळजवळ ३० टक्के वाटा त्यांचा असतो. इतकी वीज शेतीला जाते, पण ती कोणत्या वेळी द्यायची हे ठरवताना शेतकऱ्याची सोय वर्षानुवर्षे सगळ्यात शेवटी पाहिली गेली. कारखाने, शहरे आणि गावठाणातली घरे यांची गरज भागवायची आणि उरल्या वेळात शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वीजवाहिनीवर, थ्री फेज सोडायची, अशी रीत पडली. त्यातून पाळ्या लागल्या. काही दिवस दिवसा आठ तास, तर पुढचे काही दिवस रात्री आठ ते दहा तास. हरित ऊर्जेने महाराष्ट्राच्या खेड्याला काय दिले याचा हिशेब मांडायचा तर तो या रात्रपाळीपासूनच मांडावा लागतो.

रात्री बारानंतर लाईट येते तेव्हा पाणी देणाऱ्याला नुसते बटण दाबून भागत नाही. पाटाने पाणी सोडले की एकेक वाफा, एकेक सरी भरत जाते. एक सरी भरली की दारं मोडायचे, पाणी पुढच्या सरीत वळवायचे, मागचे दारं मातीने बुजवायचे. हातात बॅटरी आणि फावडे, अंगावर घोंगडी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. थंडीतल्या गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस म्हणजे कडाक्याच्या गारठ्याचेच दिवस. बांधावर साप-विंचवाची भीती असतेच. जुन्नर, संगमनेर या ऊसपट्ट्यात फडात बिबट्याही असतो. दारं धरायला गेलेली माणसे सर्पदंशाने किंवा शॉक लागून दगावल्याच्या बातम्या ग्रामीण महाराष्ट्राला नव्या नाहीत. विजेच्या नियोजनातल्या एका सोयीची किंमत अशी कोणाच्या तरी जिवाने चुकवली जात होती, आणि ती कुठल्याही ताळेबंदात दिसत नव्हती.

या पाळीतून वाचण्यासाठी शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि माणूस घरी झोपतो. पण मग एकच वाफा रात्रभर तुंबत राहतो आणि पाणी वाया जाते. दुसरे नुकसान डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे. फीडर सुरू झाला की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एवढा भार डीपीला पेलवत नाही. डीपी जळाली की ऐन पिकाच्या दिवसांत आठवडा-आठवडा पाणी बंद पडते. लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज इतके पडते की मोटारीचे वायंडिंगही जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसतो.

पैशाची बाजूही अशीच अवघड झाली होती. वीज विकत घेऊन, ती तारांतून खेड्यापर्यंत आणून, गळती सोसून पंपाला द्यायची तर सरासरी खर्च युनिटला आठ रुपयांच्या आसपास जातो. शेतकऱ्यासाठी ठरवलेला दर त्याच्या कितीतरी खाली. मधली दरी सरकारी अनुदानाने आणि उद्योगांना लावलेल्या चढ्या दराने भरली जाते. अनेक पंपांना मीटरच नसल्याने बिल हॉर्सपॉवरवर निघते. खरा वापर किती आणि गळती किती हा वाद त्यामुळे कधी मिटला नाही, आणि थकबाकी वर्षागणिक वाढत गेली. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचे बिल माफ झाले. सुमारे ४४ लाख शेतकरी त्या योजनेत येतात. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे त्याने उतरले, पण विजेचा खर्च काही उतरला नाही. तो सरकारी तिजोरीकडे गेला.

सौर ऊर्जा इथे कामी येते ती एका साध्या जुळणीमुळे. शेतीला पाणी दिवसा हवे आणि सूर्य दिवसाच असतो. घराला संध्याकाळी दिवा लागतो, म्हणून तिथे सौर विजेला साठवणुकीची जोड द्यावी लागते. पंपाला ती अडचण नाही. पाणी दोन तास उशिरा दिले, किंवा एखाद्या ढगाळ दिवसाचे पाणी दुसऱ्या दिवशी दिले, तरी पीक तग धरते. पंपाइतके सौर विजेला सोयीचे गिऱ्हाईक दुसरे नाही.

ही जुळणी फीडरच्या पातळीवर करावी, असा आग्रह पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने धरला होता. २०१७ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी या गावांत पहिले प्रयोग झाले. रचना समजायला सोपी आहे. खेड्याजवळच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आत माळावर सौर प्रकल्प उभा राहतो. त्याची वीज सबस्टेशनला येते आणि तिथून शेतीच्या फीडरवर जाते. शेतकऱ्याची विहीर, मोटार, स्टार्टर, डीपी सगळे जिथल्या तिथे राहते. त्याला काही विकत घ्यावे लागत नाही. फक्त लाईट दिवसा येते. ढग आले तर ग्रीडची वीज कमी पडलेला भाग भरून काढते. पंप बंद असतील तर जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते. वीज गावाजवळच तयार होत असल्याने चंद्रपूर किंवा कोराडीहून ती शेकडो किलोमीटर आणताना होणारी गळतीही टळते.

एक मेगावॉटच्या प्रकल्पाला चार ते पाच एकर जमीन लागते. त्यावर पाच हॉर्सपॉवरचे सुमारे अडीचशे पंप एका वेळी चालू शकतात. वर्षभरात अंदाजे १५-१६ लाख युनिट निघतात. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा खासगी जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले, म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या घरात, शिवाय दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू माळरानाला इतके खात्रीचे उत्पन्न कोणत्याच पिकाने दिलेले नाही. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात. या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. पुढे योजनेचे उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आले.

निविदांमध्ये या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आला, तोही पंचवीस वर्षांच्या करारावर. कोळशाचे भाव वाढले तरी हा दर वाढणार नाही. मात्र आठ रुपयांची वीज आता तीन रुपयांत मिळते, असा जो हिशेब भाषणांत सांगितला जातो तो अपुरा आहे. आठ रुपयांत तारा, खांब, डीपी, वायरमन आणि गळती यांचाही खर्च धरलेला असतो. तीन रुपये हा नुसत्या वीजनिर्मितीचा दर आहे. फीडर सौर झाला तरी डीपी जळायची थांबत नाही आणि खांब बदलायचा खर्चही सुटत नाही. बचत खरी आहे आणि मोठी आहे, पण ती युनिटमागे पाच रुपयांची नाही. हे आताच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण वाचणाऱ्या पैशावर आधीच वेगवेगळ्या सवलतींची स्वप्ने उभी राहू लागली आहेत.

दुसरी वाट प्रत्येक विहिरीवर वेगळा सौरपंप बसवण्याची. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतून आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून तो मिळतो. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात हॉर्सपॉवरचा पंप मिळतो. जिथे खांबच पोचलेला नाही, डोंगरकुशीतल्या किंवा रानातल्या वाडीवस्तीत, तिथे हा पंप वरदानच आहे. वर्षानुवर्षे कोटेशन भरून कनेक्शनची वाट पाहणाऱ्याची त्याने सुटका केली.

पण जिथे लाईन आधीच आहे तिथे हा मार्ग महागात पडतो. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला जोडलेल्या पाच किलोवॉटच्या पॅनेलमधून वर्षाला साधारण सात हजार युनिट निघू शकतात. पावसाळ्यात पंप क्वचितच चालतो, काढणीच्या दिवसांत बंदच असतो, आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसते. ऊन पडत असते, पॅनेल उभे असते आणि वीज कोणाच्याच कामी येत नाही. सकाळी ऊन तिरपे असेपर्यंत पाणी बारीक येते, पूर्ण धार अकरा ते तीनच्या दरम्यानच मिळते, आणि ढग आला की ती तुटते. कंट्रोलर बिघडला तर गावातला वायरमन हात लावत नाही, कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. पाच वर्षांची हमी संपल्यावर काय, हा प्रश्न तर आहेच. तेच पॅनेल फीडरच्या प्रकल्पात असते तर पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली त्याची वीज गावातल्या पिठाच्या गिरणीला किंवा तालुक्याच्या कारखान्याला मिळाली असती. लाईन असलेल्या गावात सार्वजनिक पैसा फीडरवरच खर्च व्हायला हवा.

वीज दिवसा आली, स्वस्त झाली, बिलही माफ झाले. आता पंप बंद करण्याचे कारण उरते ते फक्त विहिरीचा तळ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे. या खडकाच्या पोटात पाणी फार मावत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असते आणि दिवाळीनंतर झपाट्याने उतरत जाते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई आहे, तरी गावोगावी बोअर त्याच्या कितीतरी खाली गेले. एकूण पीकक्षेत्राच्या चार-पाच टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा घेतो. रात्रपाळीचा जाच होता तोवर उपशाला आपोआप थोडा आळा बसत होता. तो जाच जाणे ही न्यायाची गोष्ट आहे, पण त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढली पाहिजे. नाहीतर सौर वीज भूजल उपसायला मदत करील आणि त्या विजेला हरित म्हणणे अवघड होईल.

गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने २०१६ मध्ये याचे एक उत्तर दिले. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि पंप ग्रीडला जोडून उरलेली वीज वितरण कंपनीला युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी विकायला सुरुवात केली. प्रयोगाला हात देणाऱ्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने त्यावर हरित विजेसाठी सव्वा रुपया आणि पाणी वाचवण्यासाठी सव्वा रुपया असा बोनस दिला. बदल्यात शेतकऱ्यांनी अनुदानाच्या विजेवरचा हक्क पंचवीस वर्षांसाठी सोडला. गरजेपेक्षा जास्त पाणी उपसले तर विकायची वीज कमी होते आणि तो तोटा थेट शेतकऱ्याच्या खिशाला कळतो. पाणी वाचवा असे सांगणारे फलक वर्षानुवर्षे लागले, पण इथे वाचवलेल्या पाण्याचे पैसे थेट हातात पडत होते. महाराष्ट्राच्या फीडर योजनेत हा धागा नाही. प्रत्येक पंपाला मीटर लावून, ठरलेल्या युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्याला फरकाचे पैसे खात्यात जमा करणे फीडरवरही शक्य आहे. त्याला हिवरे बाजार या गावासारखा पाण्याचा ताळेबंद जोडता येईल. तिथे पावसाच्या नोंदी पाहून पिके ठरतात, बोअरच्या पाण्यावर शेती करत नाहीत आणि ऊस लावत नाहीत.

जमिनीचा प्रश्न वेगळाच आहे. सरकारी प्रकल्पांसाठी सगळ्यात सोपी जमीन म्हणजे गायरान आणि माळ. सातबाऱ्यावर पडीक म्हणून नोंदलेला माळ प्रत्यक्षात मेंढपाळांचे चराऊ रान असतो. लांडगा, चिंकारा, खोकड यांचे घरही तिथेच असते, आणि माळढोक तर महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसाच झाला. काही गावांनी गायरान द्यायला विरोध केला तो विनाकारण नाही. खासगी मुरमाड जमीन भाड्याने मिळत असताना चराईचा माळ घेऊ नये, निदान ग्रामसभेने खुलेपणाने होकार दिल्याशिवाय घेऊ नये.

पंप दिवसावर आले तरी संध्याकाळी सहा ते दहाची मागणी तशीच राहते, कारण तेव्हा सूर्य मावळलेला असतो. त्यासाठी साठवण लागते. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून हेच काम करतो. स्वस्त विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणीच्या वेळी ते सह्याद्रीच्या कड्यावरून खालच्या जलाशयात सोडून वीज करायची. पश्चिम घाटाची उंची ही महाराष्ट्राची अशी मोठी ठेव आहे. मात्र अशा प्रत्येक प्रकल्पाला घाटातले जंगल मोजावे लागते.

पॅनेलचे आयुष्यही अमर्याद नाही. त्यांतून निघणारी वीज दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते आणि साधारण पंचवीस वर्षांनी ती बदलावी लागतात. काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, थोडी चांदी आणि शिसे यांचा तो कचरा होतो. केंद्राच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आणि २०३४-३५ पर्यंत निघणारा कचरा साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. आज माळ भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याने करारात एक कलम नीट वाचून घ्यावे: मुदत संपल्यावर पॅनेल, काँक्रीटचे पाये आणि जमिनीतल्या केबल काढून जमीन पूर्ववत कोण करून देणार, आणि त्यासाठीची रक्कम आधीच कुठे ठेवलेली आहे.