‘ऊम्रा’ : एका विसरलेल्या इंग्रजी शब्दाचे कूळ

‘ऊम्रा’ हा शब्द आज खुद्द इंग्रजांनाही परका वाटेल. लिव्हरपूलच्या जुन्या बाजारभावांत मात्र तो ब्रोच, धोलेरा, बेंगॉल यांच्या पंक्तीला बसलेला दिसतो. तो कापसाच्या एका जातवारीचा शब्द, आणि अमरावतीचा वंशज. मी राजापेठेतला, म्हणूनच त्याचे कूळ शोधावेसे वाटले.

शहराचे जुने नाव उमरावती. काही जण ते उदुंबरावतीपर्यंत, म्हणजे उंबराच्या झाडापर्यंत नेतात. अंबादेवीशी जोडणारेही आहेत. इंग्रजांनी कानावर पडले तसे लिहिले : ‘उ’साठी दोन ‘ओ’, आणि पुढे अक्षरांची लांबलचक माळ. व्यापाऱ्याला एवढे कुठले परवडणार? त्याने शेपूट तोडले, ‘ऊम्रा’ उरले.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. रेल्वेपूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला. बडनेऱ्याहून गाठी मुंबई बंदराकडे निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर हे नावही.

पुढे शब्दाचा अर्थ पसरला. खानदेशचा, मध्य प्रांताचा कापूसही ‘ऊम्रा’ म्हणूनच विकला जाऊ लागला. अर्थ खालीही उतरला. तलम ‘बनी’पेक्षा जाडीभरडी ‘जरी’ शेतकऱ्याला अधिक रुई देई, म्हणून तीच पेरली गेली. परिणामी ‘ऊम्रा’ म्हणजे आखूड धाग्याचा स्वस्त माल, असे समीकरण बसले. सरकारी कागदांनी शहराच्या नावाचे स्पेलिंग बदलले, तरी बाजाराने जुनेच जपले. गावाचे नाव गावापासून सुटले ते असे.

कालिकतवरून आलेला ‘कॅलिको’ इंग्रजीत टिकला, ‘ऊम्रा’ का नाही? मला वाटते, कॅलिको हे कापड. ते नेसणाऱ्याच्या तोंडी नाव राहते. रुईचे नाव मात्र गिरणीच्या दारातच गळते. सुतात ते उरत नाही. दलालांचा तो बाजार बदलला, धागा लांब झाला, तसा शब्दही मेला.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची पऱ्हाटी तेवढी पऱ्हाटीच राहिली. तिला साता समुद्रापार काय म्हणतात, हे त्याला विचारले कोणी? आणि भाव ठरत होता तो त्याच नावावर.