पडद्याच्या काळातले कागदी प्रयोग

१९९२ साली अमेरिकी कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यांचा लेख ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये आला. मथळा होता ‘द एंड ऑफ बुक्स’. हायपरटेक्स्टच्या नवलाईचे ते दिवस. मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ फ्लॉपीवर मिळत होती. वाचक ज्या शब्दावर क्लिक करी, तिकडे कथा वळे. छापील कादंबरीचे दिवस भरले, असे अनेकांना वाटू लागले होते.

झाले वेगळेच. संगणकामुळे पानाची मांडणी लेखकाच्या हाती आली आणि तो कागदाकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागला.

२००० मधली मार्क डॅनिएलेवस्की यांची ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’ घ्या. त्यातले घर आतून मोजले तर बाहेरच्या मापापेक्षा पाव इंच जास्त भरते. मग आत एक काळोखी वाट उघडते. माणसे तिच्यात शिरतात तशा ओळीही आकसतात, तिरक्या होतात, एखाद्या पानावर दोन-चारच शब्द उरतात. पुस्तक हातात फिरवत वाचावे लागते. ‘हाउस’ हा शब्द मात्र सगळीकडे निळा, वेबवरच्या लिंकसारखा.

२००७ मध्ये किंडल आले, २०१० मध्ये आयपॅड. त्याच २०१० मध्ये लंडनच्या व्हिज्युअल एडिशन्सने जोनाथन सॅफ्रन फोअर यांचे ‘ट्री ऑफ कोड्स’ काढले. ब्रुनो शुल्झ यांच्या ‘द स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स’मधले बरेचसे शब्द फोअर यांनी कापून काढले, उरले त्यातून नवी कथा झाली. प्रत्येक पान कापायचा साचा (डाय) वेगळा. अनेक मुद्रकांनी हात टेकले, शेवटी बेल्जियमच्या एका छापखान्याने काम घेतले. पान उघडले की खालच्या पानांवरचे शब्द खिडक्यांतून वर डोकावतात, म्हणून पानामागे कोरा कागद सरकवून वाचणे सोपे जाते. शुल्झ यांना १९४२ मध्ये नाझी अधिकाऱ्याने गोळी घातली आणि त्यांचे बरेच लेखन हरवले. हे ठाऊक असेल तर त्या भोकांवरून बोट फिरवताना जीव गलबलतो.

२०१३ मध्ये जे. जे. अब्राम्स यांच्या कल्पनेतून डग डॉर्स्ट यांनी लिहिलेली ‘एस.’ आली. रूप १९४९ च्या वाचनालयातल्या प्रतीचे: शिक्के, पिवळी पाने, समासात दोन वाचकांनी रंगीत शायांत एकमेकांना लिहिलेला मजकूर. मध्ये पोस्टकार्डे, पत्रे, कागदी रुमालावर काढलेला नकाशा.

या पुस्तकांकडे जुन्याची हळहळ म्हणून पाहणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. संगणकाने दिलेली मोकळीक आणि कागदाचा स्पर्श, दोन्ही त्यांना हवे होते.

जेनिफर ईगन यांच्या कामात पडदा आणि कागद यांच्यातली ये-जा स्पष्ट दिसते. २०११ चे पुलित्झर मिळवणाऱ्या ‘अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वॉड’मध्ये एक अख्खे प्रकरण पॉवरपॉइंटच्या स्लाइड्सचे आहे, ते कादंबरीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीने केले आहे. २०१२ मध्ये त्यांची ‘ब्लॅक बॉक्स’ ही कथा ‘न्यू यॉर्कर’ने ट्विटरवर दहा रात्री तुकड्यातुकड्याने दिली, प्रत्येक तुकडा १४० अक्षरांच्या आत. ईगन यांनी ती आधी हाताने लिहिली होती, पानावर आठ चौकटी असलेल्या जपानी वहीत. २०२२ मध्ये ‘द कँडी हाउस’ या कादंबरीचे एक प्रकरण होऊन ती पुन्हा कागदावर आली.