मधलं नाव
घरचा हिशेब : भाग ९

माझी आत्या अमळनेर तालुक्यातल्या पाटलांच्या घरात जन्मली आणि धुळ्याच्या पाटलांकडे नांदायला गेली. आडनाव होतं तेच राहिलं. बदललं ते फक्त मधलं नाव. वडिलांच्या जागी नवऱ्याचं आलं. आमच्या खानदेशात ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की "लग्नानंतर नाव बदललं का?" असं कुणी विचारलं, तर बायका सहज "नाही" म्हणतात. आत्याही तेच म्हणाली आणि एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या दारात पाच महिने अडकली.

तिला कंपनीकडून काही घ्यायचं नव्हतं. वापरात नसलेलं कार्ड बंद करायचं होतं, एवढंच. पण तिचं पॅन कार्ड लग्नाआधीचं, शाळेत नोकरीला लागली तेव्हाचं. त्यावर मधलं नाव वडिलांचं. आधारवर नवऱ्याचं. कंपनीच्या नोंदीत एक नाव आणि तिच्या तोंडी दुसरं. फोनवरची मुलगी दर वेळी नम्रपणे सांगायची, "मॅम, तुमची ओळख पटत नाही." तिसऱ्या फोननंतर आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "मन्हं नाव माले माहीत नई का?" तिच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. तीस वर्षं वर्गात हजेरी घेणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाची हजेरी देता येऊ नये, हे मला फार लागलं. म्हणून हा भाग.

आधी एक फरक समजून घेऊ. ओळख नोंदवणं वेगळं आणि ओळख पटवणं वेगळं. खातं उघडताना किंवा कार्ड घेताना कागद देऊन आपण कोण ते सांगतो, ती नोंदणी. तिलाच केवायसी म्हणतात. रिझर्व्ह बँकेने त्याच्या सूचना २००२ साली दिल्या आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००५ मध्ये लागू झाल्यावर त्यांना कायद्याचं बळ आलं. नंतर प्रत्येक वेळी "नोंदवलेला माणूस तो हाच" हे दाखवावं लागतं, ते पटवणं. त्यासाठी तीनच आधार असतात : तुम्हाला ठाऊक असलेलं काही, तुमच्याजवळ असलेलं काही, किंवा तुमचं शरीर. जन्मतारीख, पिन हे पहिल्यातलं. ओटीपी येतो तो मोबाइल दुसऱ्यातला. बोटाचा ठसा, चेहरा तिसऱ्यातला. ऑनलाइन खरेदीत कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक खात्री हवी, हा नियम आपल्याकडे १ ऑगस्ट २००९ पासून आहे. त्याने फसवणुकीला मोठा अटकाव झाला आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती पहिल्या आधाराबद्दल. फोनवर विचारले जाणारे प्रश्न बहुतेक "ठाऊक असलेल्या" गोष्टींचे असतात, आणि ते आपल्या समाजाला नजरेसमोर ठेवून तयार झालेले नाहीत. "आईचं लग्नाआधीचं आडनाव?" आत्याने सांगितलं, "पाटील." पलीकडून पुन्हा विचारणा झाली, "नाही मॅम, लग्नाआधीचं." तेही पाटीलच होतं. पाटील हे कुळाचं नाव नव्हे, वतनाचं. पाटलांची मुलगी पाटलांकडे देणं इथे घरोघरी चालतं. म्हणजे हा प्रश्न खऱ्या माणसाला अडवतो, आणि गल्लीतल्या कुणालाही त्याचं उत्तर देता येतं. जन्मतारखेचंही तसंच. खेड्यातल्या किती जणांच्या दाखल्यावर १ जून आहे, ते मोजून पाहा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईला तिथी आठवायची, तारीख नाही. गुरुजींनी १ जून लिहून मूल दाखल करून घेतलं. अशी हजारोंनी वाटून घेतलेली तारीख गुपित कशी ठरेल?

हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचा खासगी ईमेल एका तरुणाने उघडला. तो जन्मतारीख, पिन कोड आणि पतीची भेट कुठे झाली, एवढ्या तीन उत्तरांवर. तिन्ही उत्तरं इंटरनेटवर शोधून मिळत होती.

मग जुनी पद्धत बरी होती का? आपल्या बाजारपेठांत शाहजोग हुंडी चालायची. तिचे पैसे कुणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहाकडून ती आली तरच पेढी रक्कम मोजायची. पुढे बँकेत खातं काढतानाही जुन्या खातेदाराची ओळख लागायची. माणूस माणसाला ओळखायचा, हे ऐकायला छान वाटतं. पण ज्याला ओळख देणारा कुणी नव्हता, त्या सालदाराला, पाड्यावरच्या भिल्ल कुटुंबाला पेढीची पायरी चढता येत नव्हती. कागदाने ही शिफारशीची अट काढून टाकली. म्हणूनच देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली या आदिवासी गावी रंजना सोनवणे यांना दिला गेला, याला मी मोठी गोष्ट मानतो. ज्याची शिफारस करायला कुणी नाही, त्याचीही ओळख सरकारदरबारी असेल, असं ते वचन होतं. तो कागद आज एका मधल्या नावावरून माणसाला परत पाठवत असेल, तर वचन मोडतंय.

दुसरा आधार, मोबाइल. तोही वाटतो तितका पक्का नाही. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. रिचार्ज न केलेलं जुनं सिम बँकेच्या नोंदीत तसंच राहिलं, तर आपला ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडेल. नंबर सोडण्याआधी बँकेत आणि कार्ड कंपनीत तो बदला. नंतर बदलायला गेलात, तर ओटीपी जुन्याच नंबरवर जातो.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. व्हिडिओवरून केवायसीची सोय जानेवारी २०२० पासून आहे. त्यात माणूस जिवंत समोर आहे हे तपासायला डोळे मिचकावायला सांगत. अॅसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्यांनी, अंधांनी काय करायचं? प्रज्ञा प्रसून आणि इतरांच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि पर्यायी पद्धती ठेवण्यासह वीस निर्देश दिले.

आता आत्याच्या नावाकडे. रिझर्व्ह बँकेचा केवायसी नियम स्पष्ट आहे : ओळखपत्र निघाल्यावर नाव बदललं असेल, तर राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र सोबत जोडलं की जुनं ओळखपत्र चालतं. मधलं नाव हेही नावच. पाच महिन्यांत हे तिला फोनवर एकदाही कुणी सांगितलं नाही. आत्याच्या लग्नाची नोंद झालेली नव्हती, म्हणून आम्ही महाराष्ट्र शासन राजपत्रासाठी अर्ज केला. एक सावधगिरी : आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईने आधारला हात लावू नका. आधी सगळे कागद समोर मांडून कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा.

कार्ड बंद करण्याचा नियम रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी आला. थकबाकी नसेल तर विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. अर्ज पोस्टानेच पाठवा, असा हट्ट कंपनीला धरता येत नाही. म्हणून विनंती ईमेलने करा. तारीख आपोआप राहते.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. कंपनीचा फोन आपल्याला येतो, तेव्हाही प्रश्न तेच विचारतात. समोरचा खरंच कंपनीचा आहे, हे कुणी सिद्ध करायचं? १७ जानेवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितलं की सेवेचे आणि व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, जाहिरातीचे १४० वरून. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी कार्डाची माहिती विचारली, तर फोन ठेवा आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. फसगत झालीच तर लगेच १९३०.

राजपत्र आल्यावर आत्याने त्याची प्रत, पॅन आणि विनंती असा ईमेल पाठवला. सहाव्या कामकाजाच्या दिवशी कार्ड बंद झालं. आधीच्या पाच महिन्यांच्या उशिराबद्दल मात्र कंपनीचं म्हणणं असं की ओळखच पटली नव्हती, म्हणून ती विनंती धरताच येत नाही. हे आम्हाला मान्य नाही. लेखी तक्रार केली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, चौकशीचा क्रमांक १४४४८. आज अकरावा दिवस आहे. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक आत्याने शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवले आहेत. त्या पानांचे फोटो काढून ठेवायला मी परवा धुळ्याला जाणार आहे.

(पुढच्या आठवड्यात : पत अहवालात दुसऱ्याचंच कर्ज दिसलं तर)