धुराचा बाजारभाव

सोन्याचा भाव, कांद्याचा भाव, कापसाचा भाव हे शब्द आपल्या कानांना सरावाचे आहेत. बाजार म्हटला की पोती, तराजू, दलालांची गडबड डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु आज जगात असा एक बाजार भरतो की, त्यातला माल डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि विकत घेणारा तो घरीही नेत नाही. तरीसुद्धा त्याचा भाव रोज फुटतो, चढतो, कोसळतो आणि त्यापायी कोट्यवधींची उलाढाल होते. हा माल म्हणजे हवेत एक टन कर्बवायू सोडण्याचा परवाना!

कोळसा, पेट्रोल, रॉकेल, काहीही जाळले की कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. पृथ्वीभोवतीची ही गोधडी अशी जाड होत चालल्यामुळे खालचा उकाडा वाढतो आहे. तेव्हा धूर कमी व्हावयास हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणी, किती आणि कोणाच्या खर्चाने, याबद्दल. बाजार हे त्या वादावर काढलेले एक तोडगेवजा उत्तर आहे.

धुराचे रेशनकार्ड

कल्पना तशी जुनी आहे. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली असे मांडले की, प्रदूषणाचा तंटा हा मूलतः हक्कांचा तंटा आहे. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि सौदा करण्याची अडचण फारशी नसेल, तर दोन्ही पक्ष आपापसांत मार्ग काढतील. पुढे १९६८ मध्ये टोरांटो विद्यापीठातील जे. एच. डेल्स यांनी त्याला व्यवहारी रूप दिले. घाण किती चालेल याची मर्यादा सरकारने ठरवावी, तेवढ्याच हक्कांचे कागद काढावेत आणि ते खुशाल विकू-विकत घेऊ द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना रेशनिंगचे दिवस आठवत असतील. साखर थोडी, खाणारी तोंडे फार, म्हणून प्रत्येकाला ठराविक वाटा. धुराचेही तसेच. फरक एवढाच की, येथे उरलेली साखर शेजाऱ्याला उघडपणे, कायद्याने आणि हव्या त्या भावाने विकता येते.

एक उदाहरण घेऊ. दोन कारखाने आहेत. प्रत्येकी १०० टन धूर सोडतात. सरकारने प्रत्येकाला ९० टनांचे परवाने दिले. पहिल्याला एक टन धूर कमी करायला ५०० रुपये पडतात, दुसऱ्याची भट्टी जुनी म्हणून त्याला ३,००० रुपये पडतात. प्रत्येकाने आपापले दहा टन कमी केले, तर पहिल्याला ५,००० आणि दुसऱ्याला ३०,००० रुपये खर्च. परंतु पहिल्याने वीस टन कमी करून उरलेले दहा परवाने १,५०० रुपये टनाने दुसऱ्याला विकले तर? पहिल्याचा खर्च १०,००० आणि मिळकत १५,०००. दुसऱ्याचे काम ३०,००० ऐवजी १५,००० रुपयांत भागले. हवेत गेलेला धूर मात्र दोन्ही हिशेबांत १८० टनच. बाजाराची सारी जादू एवढ्यात आली.

पण वाचकांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेलच. हा हिशेब दोन खुंट्यांवर टांगलेला आहे. परवाने मोजकेच हवेत आणि धूर खरोखर मोजलेला हवा. या दोहोंपैकी एक खुंटी जरी ढिली झाली, तरी उरतात ते नुसते कागद. या बाजाराचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन खुंट्यांचीच कहाणी आहे.

अमेरिकेचा पहिला धडा

मोठ्या प्रमाणावरचा पहिला प्रयोग अमेरिकेत झाला, आणि तो कर्बवायूचा नव्हता. कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने तिकडे आम्लवर्षा होऊन तळी आणि अरण्ये खराब होत होती. १९९० च्या कायद्याने या धुराला मर्यादा घातली, १९९३ साली शिकागोच्या धान्यबाजारात परवान्यांचा पहिला लिलाव झाला आणि १९९५ पासून नियम अमलात आला. प्रत्येक मोठ्या धुराड्यात अहोरात्र मोजणारी यंत्रे बसवली गेली. परवान्याबाहेर धूर सोडला तर टनाला २,००० डॉलर दंड. २०१० पर्यंत वीजकेंद्रांचा गंधकधूर १९९० च्या निम्म्याहूनही कमी झाला, आणि खर्च आधी भीती दाखवली होती त्याहून पुष्कळ कमी आला. कमी गंधकाचा पश्चिमेकडचा कोळसा रेल्वेने स्वस्तात येऊ लागला, हाही त्यातला एक भाग होता. पण दोन्ही खुंट्या घट्ट होत्या, हे खरे.

युरोपात भाव शून्यावर

१९९७ साली जपानमधील क्योटो येथे राष्ट्रांचा करार झाला. तो २००५ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत युरोपीय संघाने आपला कर्बवायूचा बाजार उघडला. वीजकेंद्रे, पोलाद, सिमेंट, कागद, काच असे सुमारे अकरा हजार कारखाने त्यात आले.

आरंभ मोठा दिमाखदार झाला. एप्रिल २००६ मध्ये टनाचा भाव ३० युरोंच्या आसपास पोहोचला. तेवढ्यात कारखान्यांच्या खऱ्या धुराचे तपासलेले आकडे बाहेर आले आणि सर्वांचे डोळे उघडले. बाजारात जेवढे परवाने वाटले होते, तेवढा धूर निघतच नव्हता! प्रत्येक सरकारने आपापल्या कारखानदारांना दुखवू नये म्हणून सढळ हाताने कागद वाटले होते. काही दिवसांतच भाव निम्म्यावर आला आणि २००७ संपताना परवाना जवळजवळ रद्दीच्या मोलाचा झाला. मौज अशी की, फुकट मिळालेल्या या परवान्यांची किंमत वीजकंपन्यांनी मात्र गिऱ्हाइकांच्या बिलात धरली आणि बक्कळ नफा मिळवला. पुढे २०१३ पासून वीजकंपन्यांना बहुतांशी लिलावातूनच परवाने घ्यावे लागले, ते याच अनुभवामुळे.

जेथे पैसा तेथे भामटा हेही ओघानेच आले. २००८-०९ मध्ये टोळ्यांनी एका देशातून करमुक्त परवाने घेऊन दुसऱ्या देशात करासह विकण्याचा आणि जमवलेला कर सरकारात न भरता पसार होण्याचा धंदा मांडला. युरोपच्या पोलीस संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्यात सरकारी तिजोऱ्या सुमारे ५ अब्ज युरोंना बुडाल्या. जानेवारी २०११ मध्ये तर प्राग शहरातील नोंदणी कार्यालयात बाँब असल्याची धमकी आली आणि त्याच सुमारास तेथील संगणकखात्यांतून लाखो परवाने लंपास झाले. युरोपला रोखीचे सौदे काही काळ बंद ठेवावे लागले.

आपल्या दिवाणखान्यातला दिवा

या बाजाराचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण तो अनेकांच्या घरात शिरून गेला आहे. क्योटो कराराने अशी सोय केली होती की, गरीब देशात कोणी धूर वाचवला तर त्याचे पत्रक श्रीमंत देशातील कारखान्याला विकता यावे. भारतात असे प्रकल्प चीनच्या खालोखाल निघाले. २००९ साली सुरू झालेल्या ‘बचत लॅम्प योजने’त साधा बल्ब परत देऊन १५ रुपयांत सीएफएल दिवा मिळे. दिव्याची खरी किंमत त्याहून कितीतरी अधिक; वरचे पैसे युरोपात पत्रके विकून उभे राहावयाचे होते. परंतु २००८ च्या मंदीने युरोपचे कारखाने मंदावले, पत्रकांचा महापूर आला, आणि २००८ मध्ये वीस युरोंच्या आसपास असलेले पत्रक २०१२ अखेर एका युरोच्याही खाली गेले. दिव्याचे गणित तेथेच कोलमडले. २०१५ पासून आलेली स्वस्त एलईडी दिव्यांची योजना उभी राहिली ती घाऊक खरेदीच्या बळावर.

दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. वातानुकूलन यंत्रांत वापरला जाणारा एक वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो. त्याचा एक टन म्हणजे कर्बवायूचे ११,७०० टन, असा त्या वेळचा हिशेब. तो जाळून टाकणे स्वस्त, पण त्याबद्दल मिळणारी पत्रके मोलाची! भारत आणि चीनमधील मोजक्या कारखान्यांना त्यातून अफाट पैसा मिळाला. मालापेक्षा कचराच फायद्याचा झाल्यावर कचऱ्यासाठी माल काढला जात असल्याचा संशय आला, २०१० मध्ये चौकशा झाल्या आणि २०१३ पासून युरोपने ही पत्रके नाकारली.

पुन्हा चढती कमान

इतके सारे झाल्यावर हा बाजार बुडायलाच हवा होता. तसे झाले नाही. युरोपने फाजील परवाने बाजूला काढण्यासाठी २०१९ पासून राखीव कोठार उघडले, मर्यादा वर्षागणिक घट्ट केली, आणि २०१३ मध्ये पाच युरोंच्याही खाली लोळणारा भाव फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभर युरोंवर गेला. त्या वर्षी युरोपातील वीज आणि उद्योग यांचा धूर २००५ च्या तुलनेने सुमारे ४७ टक्क्यांनी कमी होता. यात पवनचक्क्या आणि सौरविजेचा वाटा मोठा आहे. तरी कोळसा महाग करण्याचे काम या बाजाराने केले, हे नाकारता येत नाही.

कॅलिफोर्निया, क्वेबेक, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया येथेही असे बाजार उघडले. जुलै २०२१ मध्ये चीनने शांघायला आपला बाजार सुरू केला. त्यात येणारा धूर युरोपहून किती तरी अधिक. मात्र तेथे एकूण धुरावर मर्यादा न घालता दर युनिट विजेमागे किती धूर, एवढेच पाहण्याची पद्धत ठेवली गेली. शिवाय २०२२ मध्ये कोळशाच्या नमुन्यांचे आकडे खोटे रचणाऱ्या काही तपासणी संस्थांची नावे चीनच्या सरकारलाच जाहीर करावी लागली. दुसरी खुंटी! जागतिक बँकेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे कर आणि बाजार मिळून जगातील सुमारे २८ टक्के धुराला आता किंमत लागली आहे.

आता आपली पाळी

भारताने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा दुरुस्त केला, जून २०२३ मध्ये कर्बपत्रकांच्या व्यापाराची योजना जाहीर केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि कॉस्टिक सोडा-क्लोरीन या उद्योगांसाठी धुराची उद्दिष्टे ठरवली. आपल्याकडेही चीनप्रमाणे दर टन मालामागे धूर मोजला जाणार आहे. माल वाढला तर एकूण धूर वाढू शकेल, ही त्यातली मेख. पण ज्या देशात दरडोई वीज अजून अपुरी आहे, तेथे एकदम कुलूप घालणे न्यायाचे होणार नाही, हेही तितकेच खरे.

थांबून पाहण्यास मात्र सवड नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने बाहेरून येणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्यातील धुराचा आकार वसूल करण्याचा नियम पूर्णपणे अमलात आणला आहे. मालाच्या देशातच धुराची किंमत भरली असेल तर ती वजा होते. म्हणजे आपल्या पोलादाच्या धुराचे पैसे कोठेतरी भरावे लागणारच. ते ब्रुसेल्सला जायचे की आपल्याच देशात राहायचे, एवढाच प्रश्न.

आणि म्हणूनच हा विषय केवळ कारखानदारांचा राहत नाही. चंद्रपूरच्या भट्टीतून निघालेले सिमेंट शेवटी आपल्याच घराच्या भिंतीत येते. परवाने फुकट वाटले जाणार की विकले जाणार, त्यातून आलेला पैसा कोठे जाणार, धुराड्यावरचे यंत्र कोण तपासणार आणि खोट्या आकड्याला शिक्षा काय, हे प्रश्न गिऱ्हाईक म्हणून आणि नागरिक म्हणून आपणच विचारावयास हवेत. वाण्याच्या दुकानात आपण भाव विचारण्याआधी तराजूच्या काट्याकडे पाहतो. धुराच्या बाजारातही तीच सवय उपयोगी पडणार आहे.